फी माफ झाली; आता तिला एकटं पडू देऊ नका

आज रात्री जेवायला बसलात की घरातल्या, शेजारच्या, भावकीतल्या बारावी झालेल्या मुलीला विचारा, "तुझा ऑप्शन फॉर्म भरून झाला का?" ती "हो" म्हणाली तर लगेच पुढचं विचारा, "कोणी भरला?" इंजिनिअरिंगच्या प्रवेशफेऱ्या तोंडावर आहेत, आणि कॉलेजांचा पसंतीक्रम याच फॉर्ममध्ये द्यायचा असतो. मुदती दिवसांवर आणि तासांवर असतात. म्हणून हे आवाहन आजच करते आहे.

गेली बावीस वर्षं मी इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर विभागात शिकवते. प्रवेशाच्या दिवसांत आम्हा शिक्षकांना सुविधा केंद्रावर कागदपत्रं तपासायला बसवतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका शेवटच्या दिवशी, दुपारी साडेतीनला, एक मुलगी एकटीच आली. हातात कापडाच्या दुकानाची पिशवी, पिशवीत फाइल, फाइलमध्ये सगळे दाखले ओळीनं लावलेले. सीईटीला ब्याण्णव पर्सेंटाइल. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जात वैधता, सगळं होतं. नव्हता तो लॉगिनचा पासवर्ड. नोंदणी भावानं केली होती, मोबाइल नंबरही त्याचाच दिला होता. नवा पासवर्ड घ्यायचा तर ओटीपी त्याच्या फोनवर जाणार. भाऊ चाकणला, दुपारपाळीला. फोन कंपनीच्या लॉकरमध्ये. तिनं एकवीस वेळा फोन लावला. मी मोजत होते. पाच वाजता मुदत संपली. तिनं फाइल पिशवीत ठेवली, "थँक्यू मॅडम" म्हणाली आणि एसटी स्टँडकडे चालू लागली. "पुढच्या फेरीला ये," असं मी तिला म्हटलं होतं. ती आली नाही. दिवाळीनंतर तिच्या गावचा एक विद्यार्थी म्हणाला, तिचं लग्न झालं.

तिचा भाऊ वाईट नव्हता. हौसेनं त्यानंच बहिणीची नोंदणी केली होती, पदरचे पैसे भरले होते. मार्क होते, कागद होते, सरकारी सवलती होत्या. ऐन वेळी तिच्या सोबत कुणी नव्हतं, एवढंच. आणि इतक्या वर्षांत मी जेवढ्या मुली इंजिनिअरिंगच्या उंबऱ्यावरून मागे फिरताना किंवा आत येऊन मधेच गळताना पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकींची गोष्ट हीच होती. विषय झेपला नाही म्हणून गेलेल्या थोड्या. कुठल्या तरी एका साध्या वळणावर एकट्या पडल्या म्हणून गेलेल्या फार.

दार उघडं आहे, पण आपोआप कुणी आत येत नाही

आज महाराष्ट्रात मुलींसाठी हे दार जेवढं उघडं आहे, तेवढं पूर्वी कधीच नव्हतं. अभियांत्रिकीच्या प्रवेशात ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं निर्णय घेतला आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्या, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गातल्या आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. आधी ही सवलत निम्मीच होती. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थिनींसाठी शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप पूर्वीपासून आहेत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची (एआयसीटीई) 'प्रगती' शिष्यवृत्ती पात्र मुलींना वर्षाला ५० हजार रुपये देते, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. बारावीच्या निकालात तर मुली दर वर्षी मुलांच्या पुढे असतात.

तरीही देशभरातल्या इंजिनिअरिंगच्या वर्गांत डोकी मोजली तर दहांत साधारण तीन मुली भरतात. उरलेल्या कुठे अडकतात, ते आपण पाहायला हवं.

पहिली अडचण कागदांची. फीमाफी सरकारी केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, जागा घेतली तरच मिळते. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला की ती गेली. खासगी अभिमत विद्यापीठांना आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना ती लागू नाही. कित्येक बाप कुणाच्या तरी सांगण्यावरून "जागा आत्ताच पक्की करून टाकू" म्हणून कोट्यात पैसे भरतात आणि वर्षभरानं कळतं की मुलीला हक्कानं जे फुकट मिळणार होतं, त्यासाठी म्हैस विकली. माफीसाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करावा लागतो आणि पुढे दर वर्षी त्याचं नूतनीकरणही. जात वैधता प्रमाणपत्राला महिने लागतात. तेव्हा अकरावी-बारावीतल्या मुलींच्या पालकांनी ते काम आजच सुरू करावं आणि अर्जाची पोचपावती जपून ठेवावी.

दुसरी अडचण अंतराची. गावातल्या मुलीला बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत मिळतो. बारावी संपली की तो संपतो, आणि नेमकं तेव्हाच कॉलेज तालुक्यावरून जिल्ह्याला सरकतं. फी माफ झाली तरी खोलीचं भाडं, खाणावळ, पुस्तकं, लॅपटॉप हे सगळं उरतंच. त्यासाठीही योजना आहेत. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार, ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम. प्रत्येकीचे निकष वेगळे, अर्ज वेगळा, तारीख वेगळी. शहरातल्या सुशिक्षित माणसालाही यात वाट सापडत नाही. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीनं ती एकटीनं शोधावी, ही अपेक्षा निर्दयी आहे.

"तुझं अक्षर चांगलं आहे"

समजा, ती आत आली. आता आत काय होतं ते ऐका.

फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब असतो. लोखंडी पट्टी व्हाइसमध्ये आवळायची, करवतीनं कापायची, कानशीनं घासून काटकोन साधायचा. चौघांच्या गटात एक मुलगी. करवत एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाते आणि तिच्यापाशी आली की कुणीतरी अगदी चांगुलपणानं म्हणतो, "राहू दे, मी करतो. तू जर्नल लिही, तुझं अक्षर चांगलं आहे." ती जर्नल लिहिते. दुसऱ्या वर्षी प्रोग्रामिंगच्या लॅबमध्ये दोघांत एक संगणक. कीबोर्ड त्याच्याकडे, वही तिच्याकडे. शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट. कोड मुलं लिहितात. रिपोर्ट, पीपीटी आणि बाइंडिंग हिच्याकडे. मग कॅम्पस मुलाखतीत समोरचा माणूस विचारतो, "या प्रोजेक्टमध्ये तुम्ही नेमकं काय केलंत?" आणि नऊ पॉइंटरवाली मुलगी गप्प होते.

यात कुणी तिचा अपमान केलेला नाही. चार वर्षं सगळ्यांनी मिळून प्रेमानं तिच्या हातातलं अवजार काढून घेतलं. मी स्वतः कित्येक वर्षं हे पाहून न पाहिल्यासारखं केलं. म्हणून आज सांगते: पट्टी वाकडी कापली जाऊ दे, करवतीचं पातं तुटू दे, प्रोग्राम दहा वेळा अडू दे, पण अवजार तिच्या हातात राहू दे.

मग परीक्षा. मराठी माध्यमातून आलेली मुलगी पहिल्या सहामाहीत इंग्रजीतलं मेकॅनिक्स आणि एम-वन, म्हणजे गणिताचा पहिला पेपर, यांच्यात गटांगळ्या खाते. एखादा विषय राहतो, म्हणजे केटी लागते. मुलाला केटी लागली की घरी म्हणतात, "लागतेच एखादी, निघेल." मुलीला लागली की तेच घर म्हणतं, "तिला झेपत नाहीये, उगाच कशाला ओढायचं?" एकाच विषयातली, तेवढ्याच मार्कांची केटी, त्याला ती खड्डा वाटते आणि तिला भिंत. पुढे 'वर्ष गेलं' की घरात स्थळांची चर्चा सुरू होते. थर्ड इयरच्या मुलीच्या फोनवर व्हायवाच्या आदल्या रात्री मुलाचा बायोडाटा येतो.

बदल घडतो, घडवला तर

हे असंच चालायचं, असं म्हणणाऱ्यांना मी काही उदाहरणं देते. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९५ मध्ये संगणकशास्त्राला येणाऱ्यांत मुली होत्या सुमारे ७ टक्के. जेन मार्गोलिस आणि अ‍ॅलन फिशर यांनी मुलींशी बसून बोलून कारणं शोधली. विद्यापीठानं प्रवेशाचे निकष आणि शिकवण्याची रीत बदलली, आणि २००० पर्यंत हे प्रमाण ४२ टक्क्यांवर गेलं. अमेरिकेतल्याच हार्वे मड कॉलेजात मारिया क्लावे अध्यक्ष असताना पहिल्याच कोर्समध्ये एक साधी गोष्ट केली गेली. आधीपासून कोडिंग येणारे आणि पहिल्यांदाच शिकणारे यांचे वर्ग वेगळे केले. त्यामुळे नवख्या मुलीला "बाकी सगळ्यांना येतं, मलाच येत नाही" असं वाटायची पाळी आली नाही. आपल्याकडे आयआयटींमध्ये २०१८ पासून मुलींसाठी वाढीव जागा दिल्या गेल्या आणि दोन-तीन वर्षांत मुलींचं प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपास पोहोचलं. मुलींची बुद्धी त्या दोन-तीन वर्षांत वाढली नव्हती. व्यवस्थेनं हात पुढे केला होता.

आणि आपल्याच देशातली एक जुनी गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायला हवी. ए. ललिता या मद्रासकडच्या मुलीचं लग्न लहानपणी झालं. अठराव्या वर्षी पती गेले, पदरात चार महिन्यांची मुलगी. वडील पप्पू सुब्बाराव गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्राध्यापक होते. त्यांनी प्राचार्यांकडे शब्द टाकला, आणि जिथे एकही मुलगी नव्हती तिथे ललिता विद्युत अभियांत्रिकी शिकू लागल्या. तान्ह्या मुलीला भावाच्या घरानं सांभाळलं. वसतिगृहात लेक एकटी पडते हे लक्षात आल्यावर वडिलांनी आणखी मुली याव्यात म्हणून प्रयत्न केले. पुढच्या वर्षी पी. के. थ्रेसिया आणि लीलम्मा जॉर्ज स्थापत्य अभियांत्रिकीला आल्या. १९४३ मध्ये ललिता इंजिनिअर झाल्या. थ्रेसिया पुढे केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या.

या गोष्टीत बुद्धी ललितांची आहेच. पण दार वडिलांनी उघडलं, बाळ भावाच्या घरानं सांभाळलं, एकटेपणा दोन मैत्रिणींनी घालवला. हाच आपल्याकडच्या स्त्रीशिक्षणाचाही इतिहास आहे. महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी सुरू केलेल्या संस्थेनं १९९१ मध्ये पुण्यात मुलींचं अभियांत्रिकी महाविद्यालय काढलं. त्या दोन सालांच्या मधे असंख्य लोकांनी दिलेली सोबत आहे. आता पाळी आपली.

माझी मागणी

आईबाबांनो, नोंदणीला मोबाइल नंबर मुलीचाच द्या. तिच्याकडे फोन नसेल तर या महिन्यात साधा फोन घ्या. लॉगिन आणि पासवर्ड तिच्या वहीत, तिच्या अक्षरात असू द्या. ऑप्शन फॉर्म भरताना शेजारी बसा, पण पसंतीचा क्रम तिला लावू द्या. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं की पुढच्या फेरीत ते बदलता येत नाही. तेव्हा पहिल्या ओळीत 'घराजवळचं' लिहू नका, 'तिला हवं ते' लिहा. ती मेकॅनिकल म्हणाली, सिव्हिल म्हणाली, तर "मुलीला कशाला" हे शब्द गिळून टाका. आणि चार वर्षं पूर्ण होईपर्यंत घरात लग्नाचा विषय काढणार नाही, असा शब्द आजच तिला द्या. आजी, मामा, आत्या ऐकत असताना द्या, म्हणजे तो मोडता येणार नाही.

दादांनो, बहिणीचा फॉर्म तुम्ही भरू नका, तिला भरायला शिकवा. वर्गातल्या मैत्रिणीच्या हातून करवत आणि कीबोर्ड काढून घेऊ नका. जर्नल तुम्हीही लिहा.

बारावीच्या शिक्षकांनो, तुमच्या वर्गातल्या कुठल्या मुलीचे मार्क बरे आहेत आणि कुणाच्या घरी काय अडचण आहे, हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. निकाल लागला म्हणजे तुमचं काम संपलं असं समजू नका. दहा घरी एकेक फोन करा. घरचा विरोध असेल तर स्वतः जा. गावात मास्तरांचा शब्द अजून चालतो.

प्राचार्यांनो, माझ्या सहकाऱ्यांनो, आपलं घर आधी नीट करू या. मुलींच्या वसतिगृहाचं फाटक साडेसातला बंद होतं आणि लॅब रात्री दहापर्यंत फक्त मुलांना वापरता येते, तर फी माफ करून आपण समान शिक्षण दिलं असं कसं म्हणायचं? लॅब उघडी असेल तोवर फाटक उघडं ठेवा आणि रात्री मुलींना सुखरूप पोचवायला माणूस द्या. प्रत्येक मजल्यावर मुलींचं स्वच्छतागृह असू द्या, त्यात पाणी असू द्या. गट पाडताना एका गटात एकटी मुलगी टाकू नका, दोघी तरी असू द्या. प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत प्रत्येकानं लिहिलेला कोड स्वतः चालवून दाखवावा, असा नियम करा. कार्यालयाबाहेरच्या फलकावर अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्यांची नावं टांगून भागत नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांना वर्गात उभं करा आणि मुलींना सांगा की तक्रार केली म्हणून टर्मवर्कचा एकही मार्क कमी होणार नाही. ज्या मुलीची हजेरी सलग आठ दिवस लागली नाही, तिच्या घरी डिफॉल्टर यादी लावण्याआधी फोन जाऊ द्या.

ज्यांचं शिक्षण मधेच सुटलं, लग्न झालं, मूल झालं, त्यांनी 'आता संपलं' असं म्हणू नये. शिकत असताना आई होणाऱ्या विद्यार्थिनींसाठी प्रसूती रजेचे आणि सवलतींचे नियम करा, असं यूजीसीनं २०२१ मध्येच विद्यापीठांना कळवलेलं आहे. तुमच्या कॉलेजात जाऊन विचारा. उरलेले विषय किती, मुदत किती, पुन्हा नाव कसं घालायचं. एकटीनं जाऊ नका, सोबत कुणीतरी न्या. आणि सासूबाईंनो, तुमच्या घरात अर्धवट राहिलेली इंजिनिअर असेल तर तिच्या पोराला दोन वर्षं तुम्ही सांभाळा. ललितांच्या भावाच्या घरानं हेच केलं होतं.

पुण्यात, हैदराबादेत, बंगळुरात, परदेशात नोकरी करणाऱ्या इंजिनिअर मुलींनो, तुमच्या कपाटात पडलेला जुना, पण चालता लॅपटॉप तुमच्या गावच्या कॉलेजातल्या फर्स्ट इयरच्या मुलीला द्या. त्याहून मोलाचं म्हणजे महिन्यातून अर्धा तास तिला द्या. "मलाही एम-वनला केटी होती" हे तुमचं एक वाक्य तिला आमच्या शंभर भाषणांपेक्षा जास्त बळ देईल.

आणि तू, माझ्या मुली. पहिल्या सहामाहीत काही कळलं नाही तर तू ढ आहेस असं समजू नकोस. सगळ्यांचंच तसं होतं. फरक एवढाच की काही जण ते मोठ्यानं बोलतात आणि काही जण रात्री उशीत तोंड घालून रडतात. तू मोठ्यानं बोल. पहिल्या बाकावर बस. शंका विचार. कुणी म्हणालं, "तुझं अक्षर चांगलं आहे," तर हसून म्हण, "माझा हातही चांगला आहे, आण ती करवत."

ती मुलगी फाइल घेऊन परत गेली, त्या दिवसानंतर मी माझ्यापुरतं एक ठरवलं. प्रवेशाच्या दिवसांत रोज संध्याकाळी सहा ते आठ आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात एक टेबल घेऊन बसते. सोबत माझा लॅपटॉप, एक एक्स्टेन्शन बोर्ड, झेरॉक्सचे कागद आणि बिस्किटाचा पुडा. पहिल्या वर्षी तीन मुली आल्या. गेल्या वर्षी जागा पुरेना म्हणून वाचनालयानं दुसरं टेबल दिलं, आणि त्या टेबलावर बसायला माझीच एक माजी विद्यार्थिनी सुट्टी काढून आली. आम्ही फॉर्म भरून देत नाही. मुलगी भरते, आम्ही शेजारी बसतो. पहिला प्रश्न ठरलेला, "नंबर कुणाचा दिलास?"

असं एक टेबल तुमच्या गावात, तुमच्या वॉर्डात, तुमच्या सोसायटीत लावा. त्याला ट्रस्ट लागत नाही, देणगी लागत नाही, उद्घाटन लागत नाही. दोन खुर्च्या लागतात: एक तिची, एक तुमची. फेऱ्यांच्या तारखा कुणासाठी थांबत नाहीत. पिशवीत फाइल घेऊन निघालेली एखादी मुलगी या क्षणीही कुठल्या तरी स्टँडवर एसटीची वाट पाहत असेल. ती पोचेल तेव्हा दुसऱ्या खुर्चीवर कुणीतरी बसलेलं असू द्या.